बाकड्यावरची चिठ्ठी : दाखल्यांच्या एका संकेतस्थळाचा प्रकरण अभ्यास

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात, सरकारी दाखल्यांचे अर्ज भरून देणाऱ्या सेतू केंद्रांसमोरची बाकडी भरतात. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागदांचा गठ्ठा, आणि आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारणा : "काय काय लागतंय ओ?" मी कोल्हापुरातच वाढले. माझ्या बारावीनंतर आई अशाच एका बाकड्यावर दोन दिवस बसली होती. त्यामुळे हे काम हातात आलं तेव्हा मला वाटलं, यातलं आपल्याला सगळं माहीत आहे. पहिली चूक तिथेच झाली.

काम असं होतं. जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयाला आपलं माहितीचं संकेतस्थळ नव्यानं करून हवं होतं. दाखल्यांचे अर्ज राज्याच्या यंत्रणेत भरले जातात, त्या यंत्रणेला आमचा हात लागणार नव्हता. आमच्या ताब्यात होती फक्त माहितीची पानं : कुठला दाखला कोण देतं, कुठले कागद जोडायचे, किती दिवस लागतात. कामाच्या पत्रात "संकेतस्थळ अद्ययावत, आकर्षक व मोबाईलवर पाहण्यायोग्य करणे" असं लिहिलं होतं. अधिकाऱ्यांनी तोंडी सांगितलेली तक्रार पत्रापेक्षा नेमकी होती. "मॅडम, सगळी माहिती टाकलीय. तरी दिवसभर खिडकीवर तीच तीच विचारणा. लोक वाचतच नाहीत."

माहिती खरोखरच सगळी होती. मी रात्री बसून पानन् पान वाचलं. चूक एकही सापडली नाही.

डिझाइनला हात घालण्याआधी आम्ही तीन आठवडे मागितले. फक्त लोकांसोबत बसायला. त्यासाठी आधी मी ब्रिटनचं उदाहरण दिलं. तिथल्या सरकारने २०११ मध्ये डिजिटल सेवेचं स्वतंत्र खातं उभं केलं, ऑक्टोबर २०१२ मध्ये सरकारी माहिती एका संकेतस्थळावर आणायला सुरुवात केली, आणि त्यांच्या कामाच्या तत्त्वांतलं पहिलंच तत्त्व लोकांच्या गरजेपासून सुरुवात करण्याचं आहे. आपल्याकडेही एनआयसीने (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने) २००९ मध्ये सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, पण आमच्या इथं काय?"

त्याचं उत्तर त्यांच्याच भिंतीवरच्या फलकावर होतं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणं हा या कायद्याने नागरिकाचा हक्क आहे, आणि मुदत चुकली तर अपील करता येतं. पण मुदत मोजली जाते ती पूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून. कागद अपुरे म्हणून खिडकीवरून परत गेलेला माणूस त्या मोजणीत येतच नाही. त्याचा बुडालेला रोजगार, एसटीचं भाडं, दुसरी खेप, तिसरी खेप, यांची नोंद कुठल्याच रजिस्टरला नसते. कार्यालयाच्या कागदावर सगळं वेळेत चाललेलं असतं, आणि ते खोटंही नसतं. मी म्हटलं, "साहेब, आम्हाला तेवढाच टप्पा बघायचाय. घरातनं निघाल्यापासून पावती हातात पडेपर्यंत." त्यांनी तीन आठवडे दिले.

पहिला आठवडा

पहिला आठवडा वाया गेला. कसा गेला ते सांगते, कारण हीच चूक मी इतर कामांतही झालेली पाहिली आहे.

कार्यालयाच्या बैठकीच्या खोलीत लॅपटॉप मांडला. जवळच्या कॉलेजातले विद्यार्थी आणि कामासाठी आलेले दोन-तीन पालक यांना एकेक करून बसवलं आणि कामं दिली : "उत्पन्न प्रमाणपत्रासाठी लागणारी कागदपत्रे शोधा." सगळ्यांनी शोधली, तीही झटपट. शेवटी "काही अडचण?" विचारलं की "नाही, चांगलं आहे की" हे उत्तर ठरलेलं. पुण्याहून आलेल्या सहकाऱ्याने प्रत्येकाचे मिनिट-सेकंद टिपून ठेवले होते. तेही उत्तम.

आम्ही दिलेल्या वाक्यातच उत्तर होतं. "उत्पन्न प्रमाणपत्र" हा मेनूतला शब्द आम्हीच त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो जुळवून दाखवला. गावात त्याला "इनकमचा" म्हणतात, नाहीतर "उत्पन्नाचा". आणि मुळात उत्पन्नाचा दाखला हवा म्हणून घरातनं कोणी निघत नाही. माणूस निघतो "पोरीला इंजिनिअरिंगला घालायचंय" म्हणून. दुसरं असं, की साहेबांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीत बसून, त्यांचा चहा पिऊन त्यांच्याच वस्तूला नाव ठेवायला आपल्याकडची माणसं धजत नाहीत. ती त्यांची भलमनसी आहे. ती ओळखून जागा निवडणं हे आमचं काम होतं.

संकेतस्थळं वापरायला सोपी कशी करावीत याचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी २००० साली मांडलेला हिशेब या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे : पाच माणसांसोबत चाचणी केली तरी बहुतेक अडचणी दिसतात. आम्हीही तेवढ्यावरच होतो. पण तो हिशेब माणसं एकाच प्रकारची असतील तर लागू पडतो. केंद्रात संगणकावर बसून अर्ज भरणारा आणि ज्याला दाखला हवा तो, ही दोन वेगळी माणसं. दोघांचे पाच-पाच धरायला हवे होते, आणि आम्ही दोघांपैकी एकाचेही पाच धरले नव्हते.

बाकडं

दुसऱ्या आठवड्यात लॅपटॉप घरी ठेवला. तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोर एक केंद्र आहे. दोन संगणक, एक झेरॉक्स मशीन, लॅमिनेशनचं यंत्र, भिंतीला लागून बाकडं. चालवणारा पंचविशी ओलांडलेला मुलगा. त्याने आम्हाला टेबलाच्या आतल्या बाजूला एक स्टूल दिलं. त्या स्टुलावरून मी आठवडाभर पाहत होते.

पहिल्याच तासाला कळलं ते हे : आमची पानं ज्यांच्यासाठी लिहिलेली, ती माणसं त्या पानांपर्यंत पोचतच नाहीत. गरज बाकड्यावर बसलेली असते आणि कीबोर्ड दुसऱ्याच्या हाताखाली असतो. आणि ज्याच्या हाताखाली कीबोर्ड, त्यानेही आमचं संकेतस्थळ कधी उघडलेलं नव्हतं. मी दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "हे बरोबर हाय सगळं. पण हे सांगून माणूस परत येतोय ओ ताई."

तो काय सांगायचा? त्याच्या ड्रॉवरमध्ये फसलेल्या झेरॉक्स कापून त्यांच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. माणूस आला की तो दोन प्रश्न विचारायचा : "कशाला पाहिजे?" आणि "जातीचा आधी काढलाय का?" मग निळ्या पेनाने चिठ्ठी लिहून द्यायचा. एक चिठ्ठी मी मागून घेतली, ती अजून माझ्या वहीत चिकटवलेली आहे. बारावी झालेल्या एका मुलीच्या वडिलांसाठी लिहिलेली :

"पोरीचा दाखला, पहिल्या शाळेचा. वडिलांचा दाखला. नसंल तर आत्या / चुलता. मामाचा चालत नाही. आजोबा – ६७ च्या आधीचं कायपण. रेशनकार्ड, आतलं पान पण. आधार दोघांचं, मोबाईल चालू पाहिजे. पहिला जातीचा. मग व्हॅलिडिटी टाका. इनकम ३ वर्षं, मग नॉनक्रिमी."

संकेतस्थळावर हीच माहिती चार पानांवर होती, चार दाखल्यांखाली : जातीचा, जातीच्या वैधतेचा (व्हॅलिडिटी), उत्पन्नाचा, आणि कुटुंब मागासवर्गातल्या उन्नत गटात मोडत नाही असं सांगणारा नॉन-क्रीमिलेअर. प्रत्येक ठिकाणी पूर्ण आणि बिनचूक. चिठ्ठीत जे होतं आणि पानावर नव्हतं, ते बघण्यासारखं आहे.

"आतलं पान पण." पानावर लिहिलेलं होतं "शिधापत्रिकेची प्रत". लोक रेशनकार्डाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स काढून आणतात. कुटुंबातल्या माणसांची नावं आत असतात. तेवढ्यापायी एक खेप.

"मामाचा चालत नाही." पानावर होतं "अर्जदाराच्या पितृकुळातील रक्तनात्यातील व्यक्तीचा पुरावा". वडील शिकलेले नसले की घरात शाळेचा दाखला सापडतो तो बहुतेक मामाचा, आणि माणूस तोच घेऊन येतो. "पितृकुळातील" हा शब्द वाचूनही घेऊन येतो. आठवडाभरात हे माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा घडलं.

आणि "६७ च्या आधीचं". याबद्दल जरा थांबून लिहिते. जातीच्या दाखल्यासाठी त्या-त्या प्रवर्गाला एक तारीख ठरलेली आहे. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०. त्या तारखेच्या आधीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा लागतो. सरकारी भाषेत हा "मानीव दिनांक". संकेतस्थळावर हा शब्द जागोजागी होता, तारखा मात्र एका जोडलेल्या परिपत्रकात. बाकड्यावरच्या ज्यांना-ज्यांना मी हा शब्द वाचून दाखवला, त्यांच्यापैकी एकालाही अर्थ लागला नाही. एका मास्तरांनी "मानवी दिन" असा वाचला. केंद्रातला मुलगा तो शब्द उच्चारतच नव्हता. तो विचारायचा, "आज्या शाळेत गेलता का? कंच्या साली?" आणि समोरचा माणूस लगेच हिशेब मांडायला लागायचा.

नदीकाठच्या गावातले एक गृहस्थ आले. आपल्या वडिलांचा शाळेचा दाखला त्यांनी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांतून काढला. २०१९ च्या पुरात पेटी पाण्यात होती. कागदाच्या मधोमध पाण्याची तपकिरी रेघ, रेघेच्या वर शाई जशीच्या तशी, रेघेखाली नुसते डाग. जन्मतारीख वर होती. जात खाली होती. त्यांनी तो कागद टेबलावर पसरला आणि हातानं दाबून धरला, पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून.

आमच्या पानावर यासाठी एक ओळही नव्हती. "मूळ कागदपत्रे सुस्पष्ट स्कॅन करून जोडावीत" एवढंच. २०१९ आणि २०२१ असे दोन मोठे पूर पंचगंगेच्या काठानं सोसलेत, आणि त्या काठासाठी लिहिलेल्या पानावर भिजलेल्या कागदाचं काय करायचं हे नाही. केंद्रातल्या मुलानं मान वर करून सांगितलं, "काका, शाळेत जावा. जुनं जनरल रजिस्टर असतंय, त्याचा उतारा मागा. तिथं नाही घावलं तर तहसीलला कोतवाल बुक बघा." कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. काकांनी चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली, मग काढून मोबाईलच्या कव्हरमागे सरकवली. तिथं आधीच एक पावती होती.

मोबाईलवरून आठवलं. एका आजीला नातीसाठी अर्ज करायचा होता. आधारला जोडलेला नंबर मुलाचा, मुलगा शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला. ओटीपी त्याच्याकडे गेला. आजीनं शेजारणीच्या फोनवरून त्याला लावला. तो मशीनवर होता. चौथ्यांदा उचलला, आकडे सांगितले, तोवर मुदत संपली. "मी सकाळधरनं बसलोय बघ," आजी मला म्हणाल्या, "त्यो आकडा कागदावर लिवून देत न्हाईत का?" हा प्रश्न आम्हाला सुटला नाही. तो आमच्या ताब्यातल्या पानांवर सुटणाराही नव्हता. "आधार ज्याच्या नंबरला जोडलाय तो फोन सोबत आणा, किंवा त्या माणसाला त्या वेळी फोन उचलायला सांगून ठेवा" एवढी ओळ आम्ही घालू शकलो.

ध्वनिमुद्रणाचा घोळ

परवानगी घेऊन आम्ही काही बोलणी मुद्रित केली होती. ती लिहून काढायला पुण्याला पाठवली. लिहून आलं तेव्हा आमचे बहुतेक सगळे बोलणारे पुरुष झाले होते. मी चक्रावले, कारण बाकड्यावर बायका भरपूर होत्या.

कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल "मी आलो", "मी गेलो", "मी बसलोय" असंच बोलतात. माझी आई बोलते, घरात मीही बोलते. लिहिणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. आवाज अस्पष्ट असेल तिथे त्याने क्रियापदावरून "पुरुष" अशी नोंद केली होती. त्या नोंदींवर विसंबून आम्ही निष्कर्ष काढले असते, तर अहवालात दाखल्याचं काम बाप करतो असं लिहिलं गेलं असतं. प्रत्यक्षात त्या बाकड्यावर आया आणि आज्या जास्त होत्या, कारण त्या दिवसांत पुरुष कामावर किंवा शेतात होते. मी माझ्या वहीतल्या नोंदी काढून एकेक बोलणं पुन्हा लावलं. बाहेरून लिहून घेताना तिथल्या बोलीचं माणूस सोबत हवं, हे तेव्हापासून मी आमच्या प्रत्येक कामाच्या खर्चातच धरते.

पान

तिसऱ्या आठवड्यात पान कागदावर तयार केलं. मेनूत दाखल्यांच्या नावांऐवजी कामं ठेवली : "बारावीनंतर ॲडमिशन", "शिष्यवृत्ती", "नोकरीचा अर्ज". प्रत्येक कामाखाली दाखले त्यांच्या क्रमानं. हा क्रम जुन्या पानांवर कुठेच नव्हता, कारण दाखले देणारी कार्यालयं वेगळी आहेत : उत्पन्नाचा तहसीलदारांकडून, जातीचा आणि नॉन-क्रीमिलेअर प्रांतांकडून, वैधता जिल्हा जात पडताळणी समितीकडून. जो-तो आपल्यापुरतं सांगतो. पण जातीचा हातात आल्याशिवाय वैधतेचा अर्ज होत नाही, नॉन-क्रीमिलेअरला तीन वर्षांचं उत्पन्न लागतं, आणि प्रवेशासाठी नॉन-क्रीमिलेअर त्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. ही साखळी ज्याला माहीत नाही, तो सगळं एकदम जूनमध्ये काढायला येतो.

शब्दांवरून कार्यालयाशी वाद झाला, आणि त्यांची बाजू बिनबुडाची नव्हती. "मानीव दिनांक हा नियमातला शब्द आहे, उद्या कोणी अपिलात गेलं तर?" मग असं ठरलं : ठळक ओळीत माणसाचं बोलणं, खाली बारीक अक्षरात नियमाचा शब्द. "आजोबांचा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा कागद", त्याखाली "मानीव दिनांकापूर्वीचा पुरावा". "मामाचा चालत नाही" यावर अर्धा तास गेला. त्यांना "मातृकुळातील पुरावा ग्राह्य धरला जाणार नाही" हवं होतं. शेवटी साहेबांनी स्वतःच दोन्ही वाक्यं मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, "आईला विचारतो." दुसऱ्या दिवशी "मामाकडचा कागद चालत नाही" हे वाक्य मंजूर झालं.

मोठ्यानं वाचण्याचं आम्ही पुढे नियमच केलं. बाकड्यावरच्या कित्येकींना पान पोरीच वाचून दाखवणार होत्या. म्हणून प्रत्येक ओळ आम्ही वाचून दाखवायचो आणि विचारायचो, "तर मग घरातनं काय काय आणशीला?" त्यांनी बोटांवर मोजत यादी सांगायची. जी ओळ दोनदा वाचावी लागली ती बदलली. "साक्षांकित" गेला. "किती दिवस लागतात" या मथळ्याचं "कधी यायचं" झालं, कारण पावती हातात घेतल्यावर पहिला प्रश्न "कधी येऊ?" हाच असायचा, आणि आम्हाला दिवसांचा आकडा सांगायची सवय होती. दिवस मोजताना सुट्ट्या धरायच्या की नाहीत, अर्ज टाकला तो दिवस धरायचा की नाही, हे बाकड्यावर कोणाला ठाऊक असणार? आता अर्जाचा दिवस टाकला की पान मुदतीची तारीख दाखवतं.

बाकीची कामं पटापट झाली. जुने नमुने अशा फॉन्टमध्ये होते की शोधात सापडत नसत आणि दृष्टिहीनांसाठीच्या वाचक प्रणालीला ते अक्षर म्हणून दिसतच नसत. ते युनिकोडमध्ये उतरवले. प्रत्येक कामाचं पान एका ए-फोर कागदावर मावेल आणि काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर नीट उमटेल असं केलं, कारण ते वाचलं जाणार होतं कागदावर, नाहीतर व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत. मुखपृष्ठावरचे सरकते फोटो तसेच राहिले. तिथं आम्ही आग्रह धरला नाही.

नंतर

पुढच्या जूनमध्ये मी त्या केंद्रावर पुन्हा गेले. पाऊस धरला होता, दारात छत्र्यांचं पाणी, आत तेवढीच गर्दी. आमचं पान काचेला आतून चिकटवलेलं होतं आणि बाकड्यावरची एक मुलगी उठून त्याचा फोटो काढत होती. ड्रॉवरमधल्या चिठ्ठ्या संपल्या का, असं मी विचारलं. "कमी लागत्यात आता," मुलगा म्हणाला. "पण ताई, तुमच्या कागदात राहिलंय."

त्याने छापील पानावर पेनाने भर घातली होती. शिष्यवृत्तीखाली "पासबुकाची झेरॉक्स, खातं चालू पाहिजे". फोटोसमोर "पांढरं बॅकग्राऊंड". भिजलेल्या कागदाच्या ओळीपाशी एका शाळेचं नाव आणि "गुरुवारी जावा, क्लार्क असतोय".

तो कागद मी काचेवरून सोडवून घेतला, झेरॉक्स काढली आणि साहेबांकडे नेली. आता कार्यालयातला एक कर्मचारी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी केंद्रांवर जातो, पेनाने लिहिलेलं उतरवून आणतो, आणि त्याप्रमाणे पानं दुरुस्त होतात. गेल्या खेपेला तो आला तेव्हा आमच्या केंद्राच्या कागदावर नवीन काही लिहिलेलं नव्हतं. फक्त "आतलं पान पण" याखाली निळ्या पेनाने दोनदा रेघ ओढलेली होती.